गोठ्यासाठी अ‍ॅप घेताय? आधी प्रत्येक जनावराचं खातं उघडा

गोठा किंवा शेळीपालन सुरू करायच्या तयारीत असलेला जवळपास प्रत्येक जण मला एकच गोष्ट विचारतो, "सर, कोणतं अ‍ॅप घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्या गोठ्यात सगळ्यात कमी दूध देणारी गाय रोज किती रुपयांचं खाते?" इथं बहुतेक जण गप्प होतात.

दुधाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च चारा आणि खुराकावर होतो. डॉक्टरची फी लक्षात राहते, लाइट बिल हातात येतं. खुराक मात्र पोत्यातून गव्हाणीत जातो आणि कुणाच्या नावावर किती गेला, हे कुणीच लिहीत नाही.

एक हिशोब करून बघू. संकरित गायीसाठी साधा ठोकताळा असा: हिरवा आणि सुका चारा पोटभर मिळत असेल, तर तिच्या शरीरासाठी दीड किलो खुराक आणि वर दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. म्हशीला लिटरमागे ५०० ग्रॅम धरतात. आता समजा, तुमची एक गाय १४ लिटर देते आणि दुसरी ६ लिटर. पहिलीला लागतो ७.१ किलो, दुसरीला ३.९ किलो. पण गोठ्यात काय होतं? गडी दोघींपुढे तेच घमेलं ओततो, सरसकट ६ किलो. म्हणजे दुसरी रोज २.१ किलो जास्त खाते. खुराक ३० रुपये किलो धरला तर दिवसाला ६३ रुपये, महिन्याला १,८९० रुपये. एका गायीचे! आणि पहिलीला १.१ किलो कमी पडतोय. ती दूध कमी करते आणि आपण म्हणतो, हवा बदलली.

(एक सांभाळा. कमी दुधाची गाय शेवटच्या दोन-तीन महिन्यांची गाभण असेल तर तिचा खुराक तोडायचा नाही. पोटातल्या वासरासाठी तिला जादा लागतो. म्हणूनच नुसतं दूध लिहून भागत नाही, तारखाही लागतात.)

हा हिशोब मोबाइलमधल्या साध्या एक्सेल शीटवर होतो. प्रत्येक जनावराला एक ओळ: कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, कितवं वेत, व्यायल्याची तारीख, रेतनाची तारीख, दूध, खुराक. रोज प्रत्येकीचं दूध वेगळं मोजणं जमत नसेल तर आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी दोन्ही वेळचं मोजा. सहा गायींपर्यंत एवढं पुरतं, माझं स्पष्ट मत आहे.

मग सॉफ्टवेअर कधी? तारखा डोक्यात मावेनाशा झाल्या की. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला, की पुढचे २१ दिवस तिला फुकट सांभाळायचं. रोजचा खर्च २०० रुपये धरला तरी ४,२०० रुपये गेले. १ जानेवारीला रेतन केलेली गाय २८० दिवसांच्या हिशोबाने ८ ऑक्टोबरच्या आसपास व्यायला हवी, म्हणजे दोन महिने आधी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, तिला आटवायला घ्यायचं. पंधरा गायींच्या अशा तारखा माणूस विसरतो. फोन विसरत नाही.

शेळ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. चरायला सोडलेल्या शेळीने किती खाल्लं हे मोजता येत नाही, म्हणून तिचं वजन लिहायचं. काटा नसेल तर शिंप्याची टेप चालते: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर अंदाजे ३१ किलो. दर महिन्याला लिहा. वजन थांबलं तर चराई कमी पडतेय किंवा पोटात जंत आहेत. शेजारच्या रकान्यात कळप कुठल्या तुकड्यात किती दिवस चरला ते टाका, म्हणजे त्याच गवतावर पुन्हा पुन्हा सोडणं टळेल. पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस आणि जंतनाशकाची तारीखही तिथंच. न्यूझीलंडमध्ये गायींच्या गळ्यात सौर पट्टे बांधून फोनवरून चराईचं कुंपण ठरवतात, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तिथं एकेका कळपात शेकड्यांनी गायी असतात, म्हणून परवडतं. वीस शेळ्यांना टेप आणि वही बास.

सुरुवातीला पैसे न देता बघायचं असेल तर सप्टेंबर २०२० मध्ये आलेलं सरकारी ई-गोपाला अ‍ॅप आहे. पैसे भरून घेणार असाल तर विकणाऱ्याला एवढं विचारा: गोठ्यात रेंज नसताना नोंद होते का? मराठीत आहे का? आणि उद्या वर्गणी बंद केली तर माझ्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये परत मिळतात का? तिसऱ्या प्रश्नावर गोलमाल उत्तर आलं तर तिथंच थांबा.

शेवटचं, नोंद कोण करणार ते आधी घरात ठरवा. धार काढणाऱ्याच्या हाताला दूध लागलेलं असतं, तो फोन धरणार नाही. दावणीजवळ खडू आणि काळी पाटी टांगा. आकडे तिथं लिहिले जातील, आणि रात्री जेवणानंतर घरातल्या एकाने ते मोबाइलमध्ये चढवायचे.