मद्यासक्ती : उपदेश नव्हे, उपचार

एखादा विद्यार्थी वारंवार गैरहजर राहू लागला, की त्याचे मूळ कधीकधी घरातील मद्यपानात सापडते. अशा पालकास उपदेश करावा असे शिक्षकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मद्यासक्ती ही केवळ मनाची दुर्बलता नव्हे, तो रोग आहे. दीर्घकाळ मद्य घेतल्याने मज्जासंस्थेस त्याची सवय जडते. ते एकाएकी बंद होताच हात कापतात, झोप उडते, घाम सुटतो. पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रम होऊन प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्या माणसास शपथ घालून वा खोलीत कोंडून दारू तोडणे धोक्याचे आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. औषधाने शरीर सावरते. मन सावरण्यास समुपदेशन व कुटुंबाची साथ लागते. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच मार्गाने कार्य करीत आले आहे. व्यसन उलटले, तरी निराश न होता पुन्हा उपचार करावा. शिक्षकांनी पालकास दवाखान्याची वाट दाखवावी आणि त्याच्या मुलास वर्गात कोणी हिणवणार नाही याची दक्षता घ्यावी.