बोर्ड नवा, डिस्क जुनी

चांदीचं निरांजन कपाटात ठेवलं तरी काळं पडतं, ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तांब्याचंही तेच होतं, आणि मदरबोर्डवरच्या वाटा तांब्याच्याच असतात. युरोपीय संघाने जुलै २००६पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंधनं आणली. तेव्हा बोर्डांवरचा शिसं-कथिलाचा लेप मागे पडला आणि काही उत्पादकांनी त्याजागी चांदीचा पातळ मुलामा द्यायला सुरुवात केली. गंधकाला आयतंच खाद्य मिळालं! दमट हवेत कॉपर सल्फाइड जागच्या जागी बसून राहत नाही. ते पृष्ठभागावर पसरत शेजारच्या वाटेला जाऊन भिडतं आणि शॉर्ट होतो. २०१३च्या सुमारास भारत आणि चीनमधून परत आलेल्या बोर्डांवर इंटेलला असंच गंजलेलं तांबं सापडलं होतं.

डोंबिवलीत एमआयडीसीच्या आसपास किंवा कल्याण-ठाण्यात उघड्या नाल्यालगत राहणाऱ्यांना हवेतल्या रसायनांची ओळख नाकानेच होते. कुजक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. मेलेल्या प्रत्येक बोर्डाचं खापर हवेवर फोडणं चूक ठरेल. विजेचा झटका आणि फुगलेले कपॅसिटरही आहेतच. कारण काहीही असो, दुकानदाराचं वाक्य ठरलेलं असतं : ‘बोर्ड गेलाय, नवा टाकू. विंडोज मारून देतो.’

नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम बहुधा बसत नाही, म्हणून तेही बदलतं. कॅबिनेट, एसएमपीएस आणि डिस्क मात्र जुनीच राहते. घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटर तोच. विंडोजच्या लेखी नाही. २००१च्या एक्सपीपासून मायक्रोसॉफ्ट यंत्रातल्या भागांवरून त्याची एक खूण काढून ठेवतं, आणि हल्ली त्या खुणेत सर्वांत वजनदार भाग मदरबोर्डचा. रॅम वाढवली तर विंडोज सहसा कुरकुरत नाही. बोर्ड बदलला की परवाना अनोळखी ठरतो. म्हणून जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा. तरीही परवाना सुटा विकत घेतलेला असेल तरच तो नव्या बोर्डावर नेता येतो. कॉम्प्युटरसोबत आलेला परवाना त्या बोर्डाबरोबरच संपतो.

खरा धोका मात्र परवान्यात नाही. हल्लीच्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम नावाच्या भागात असते. बोर्ड-प्रोसेसर गेला की किल्लीही गेली. जुनी डिस्क नव्या बोर्डाला लावल्यावर पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड घरात कोणाला आठवतो? हे अंक आजच वहीत उतरवून घ्या. ते नसतील तर लग्नाचे फोटो डिस्कवर असूनही कोणालाच वाचता येणार नाहीत.

‘सी फॉरमॅट करा, डीला हात लावू नका’ ही सूचना आपल्याकडे घरोघरी दिली जाते. गंमत अशी, की इन्स्टॉलरच्या यादीत सी आणि डी ही अक्षरं नसतातच. तिथे दिसतात डिस्क आणि पार्टिशनचे क्रमांक अन् आकार. त्यामुळे आकार आधी टिपून ठेवावेत. फोटो वेगळ्या डिस्कवर असतील तर तिची केबलच काढून ठेवणं सर्वांत सुरक्षित. चुकून फॉरमॅट झालंच तर हे माहीत असू द्या : जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसतो, मजकूर त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतो. एसएसडीत तशी आशा फार धरू नये, कारण ती रिकाम्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करत असते.

विंडोज १०ची मोफत नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, तेव्हा आता टाकायचं ते ११च. त्याला टीपीएम २.० आणि यूईएफआय हे बोर्डावरचं नव्या धाटणीचं फर्मवेअर लागतं. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेला जुना बोर्ड इथे अडतो. अशा यंत्रावर मी तरी बेधडक लिनक्स मिंट टाकेन. लिनक्सच्या गाभ्यातच बहुतेक ड्रायव्हर असतात आणि परवान्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे जुनी डिस्क दुसऱ्या बोर्डाला लावली तरी ते बरेचदा निमूट सुरू होतं. बँकेचं किंवा टॅलीचं काम विंडोजवरच अडलेलं असेल, तर इलाज नाही.

मग पेनड्राइव्ह बूटेबल करायचा, तोही दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर. आणि त्याच वेळी नव्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर त्यात टाकून ठेवायचे. विंडोज ११ होम बसवताना इंटरनेट मागतं, आणि इंटरनेटसाठी लागणारा ड्रायव्हर बरेचदा इंटरनेटवरच असतो.