जुना रुपया पारखीला धाडावा का?

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर पूजेला म्हणून मांडलेला एखादा चांदीचा रुपया आपल्याकडे पुष्कळ घरांत असतो. कोणी त्याला राणीछाप म्हणतात, कोणी राजाछाप. आजेसासूबाईंनी सुनेच्या ओटीत घातलेला किंवा आजोबांच्या पेटीच्या तळाशी सापडलेला. वर्षातून एकदा तो बाहेर येतो, आणि घरातले कोणीतरी हमखास विचारते, "काय हो, आज याला किती येतील?" अलीकडे या प्रश्नाला एक दुसराही प्रश्न जोडला जातो : "म्हणे नाणी तपासून, अंक देऊन, काचेसारख्या डबीत बंद करून देतात. तसं केलं तर किंमत वाढते का?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी थोडक्यात सांगून टाकतो. पारखीने नाणे चांगले होत नाही. ते कसे आहे एवढेच तिऱ्हाईताच्या तोंडून कळते. त्या कळण्याने तुमच्या व्यवहारात फरक पडणार असेल तर पारख करावी. नाहीतर पैसे आपल्या गाठीला ठेवावेत. आता हे ठरवायचे कसे, ते पाहू.

प्रथम ही पारख म्हणजे काय? १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी एक मोजपट्टी तयार केली. अगदी झिजून ओळखू येण्यापुरते उरलेले नाणे १, आणि टांकसाळीतून निर्दोष बाहेर पडलेले ७०. कल्पना अशी की, ७० अंकांच्या नाण्याची किंमत १ अंकाच्या सत्तरपट असावी. बाजाराने हा हिशोब केव्हाच मोडला, पण मोजपट्टी टिकली. पुढे १९८६ आणि १९८७ साली अमेरिकेत दोन मोठ्या व्यापारी संस्था सुरू झाल्या. त्यांचे पारखी नाणे खरे आहे की खोटे ते पाहतात, या मोजपट्टीवर अंक देतात आणि नाणे प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. ६० च्या वरचे अंक फक्त न वापरलेल्या नाण्याला मिळतात. नाणे खरे असले पण घासलेले वा दुरुस्त केलेले असले, तर डबीवर अंकच छापीत नाहीत. दोष तेवढा लिहितात. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण आपल्याकडचे निम्मे रुपये इथेच अडखळतात.

आता आपल्या रुपयाकडे वळू. कंपनी सरकारच्या १८३५ च्या रुपयापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असे. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम भरते. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया चिकटत नाही. तेव्हा पहिली पारख घरच्या घरी होते. एक लोहचुंबक आणि सराफाचा काटा पुरे. वजन बरेच कमी-जास्त भरले किंवा कडेच्या रेघांमधून ओतकामाची शिवण दिसली, तर पुढचा खर्च कशाला?

दुसरी पायरी सालाची. जुने म्हणजे दुर्मिळ, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. १८६२ सालाचा राणीछाप रुपया पाहिला की लोकांचे डोळे विस्फारतात. परंतु १८६२ हे एकच साल १८७४ पर्यंत रुपयांवर छापले जात होते! त्यामुळे असे रुपये अमाप आहेत. त्यांतले बारीक ठिपक्यांचे भेद अभ्यासकाला महत्त्वाचे, सामान्य रुपयाला नव्हेत. उलट, १९३९ चा रुपया वयाने लहान असूनही खरोखर दुर्मिळ आहे. आणि म्हणूनच त्याची खोटी नाणीही पुष्कळ फिरतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही असाच प्रसिद्ध. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि ओरड झाली. नाणी परत घ्यावी लागली, आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती नीट सोंडेचा कोरला गेला. म्हणजे सालाबरोबर टांकसाळीची खूण आणि छापाचा प्रकारही पाहायचा.

तिसरी पायरी नाण्याच्या अवस्थेची, आणि सर्वांत मोठी तीच. नाणे कडेने धरा. एका दिव्याखाली ते हलकेच तिरपे फिरवा. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेल्या नाण्यावर त्या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. ही टांकसाळीची झळाळी. एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. मग उंचवट्याचे भाग बघा : राणीच्या कपाळावरचे केस आणि गाल, राजाचा मुकुट आणि झग्यावरचा तो हत्ती. झीज प्रथम तिथे दिसते.

आणि आता आपल्या घरोघरीच्या हौसेबद्दल. दिवाळी आली की चिंच, लिंबू, राख, रांगोळी, नाहीतर दात घासण्याची पेस्ट घेऊन आपण रुपया लखलखीत करतो. पूजेला तो छान दिसतो खरा. पण त्यावर केसासारखे असंख्य ओरखडे उठतात आणि ती मूळची झळाळी निघून जाते. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली काळसर निळी छटा म्हणजे मळ नव्हे. ते नाण्याने जपलेले आपले वय आहे. असा घासलेला रुपया, माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेला रुपया, सराफाने ठोसा मारून पाहिलेला रुपया यांना अंक मिळत नाही. ते विकू नयेत असे नाही. पण पारखीला धाडण्यात अर्थ नाही.

या तिन्ही पायऱ्या उतरूनही नाणे उरले, तर कागद-पेन्सिल घ्या. समजा, नाणे आहे तसे विकले तर २,००० रुपये येतात. पारखीची फी, टपाल, विमा, सगळे मिळून खर्च ३,०००. अंक उत्तम मिळाला तर ९,००० येतील, मध्यम मिळाला तर ३,०००, आणि 'घासलेले' असा शेरा पडला तर १,५००. तिन्ही शक्यता सारख्याच धरल्या तर सरासरी ४,५०० येते. त्यातून खर्च वजा जाता उरले १,५००. म्हणजे हाताची दोन हजारांची चिमणी सोडून आपण रानातल्या मोराच्या मागे गेलो! हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला. रीत मात्र हीच. नेहमी मध्यम अंक धरून हिशोब करावा. उत्तम अंक धरून करू नये.

दोन ठिकाणी मात्र नफ्याचा हिशोब बाजूला ठेवावा. १९३९ सारख्या, ज्याच्या नकला होतात अशा नाण्याची पारख अंकासाठी नव्हे, खरेपणासाठी करावी. तसेच भावंडांत वाटणी व्हायची असेल आणि एखाद्या मोलाच्या नाण्यावरून मने कलुषित होण्याचा संभव असेल, तर तिऱ्हाईताचा निवाडा स्वस्तच म्हणायचा.

शिवराईचे काय, असे कोणी विचारील. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले ते तांब्याचे नाणे हाताने ठोकलेले. ठसा मध्यावर पडेलच असे नाही. अर्धी अक्षरे बाहेर गेलेली. यंत्राच्या नाण्याची मोजपट्टी त्याला नीट बसत नाही. तिथे अंकापेक्षा अक्षरांचे वळण वाचणारा जाणकार हवा. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. अभ्यासकांची अशी स्थाने आपल्या हाताशी असताना प्रथम तिकडे वळावे.

शेवटी कायद्याच्या गोष्टी. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पुरी झालेले नाणे हा पुरावशेष ठरतो, आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर धाडता येत नाही. त्याला कैदेची शिक्षा आहे. तेव्हा राणीछाप रुपया अमेरिकेला पारखीसाठी टपालाने पाठवण्याचा विचारसुद्धा नको. जमिनीत पुरलेले धन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते. आणि "तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा" असे कोणी सांगू लागला तर सावध व्हा. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन असे पैसे उकळले जातात, असा इशारा खुद्द बँकेने २०२१ साली दिला होता.

तर मग बहुतेकांनी काय करावे? रुपया धुऊ नये. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. साध्या कोरड्या कागदी पाकिटात ठेवावा. पाकिटावर साल, वजन आणि तो घरात कोणाकडून आला ते लिहावे. हे शेवटचे टिपण जगातला कोणताही पारखी तुम्हाला करून देणार नाही. ते आजच, घरातली वडीलधारी माणसे सांगायला आहेत तोवर, लिहून ठेवा.