एचआयव्ही आटोक्यात, पण हृदयाचे काय?

सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरची औषधे मोफत द्यायला भारतात १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. तेव्हा तिशीत असलेले रुग्ण आज पन्नाशीत आहेत. ज्या आजारात चार-दोन वर्षांचे आयुष्य गृहीत धरले जाई, त्याचे रुग्ण आता मुलांची लग्ने लावून देत आहेत. विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांची, म्हणजे एआरटीची, गोळी रोज न चुकता घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू चाचणीलाही सापडत नाही. मात्र या रुग्णांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते.

विषाणू दबला तरी पूर्ण जात नाही. प्रतिकारशक्ती कायम जागी राहते आणि शरीरात एक मंद दाह धुमसत असतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्याची झळ बसते आणि तिथे चरबीचे थर लवकर साचू लागतात. पूर्वीच्या काही एआरटी औषधांनी कोलेस्टेरॉल वाढे, हेही खरे. त्यावरून ‘गोळ्यांमुळेच हृदय बिघडते’ असा समज पसरला आणि काही जण औषधे मधूनमधून बंद ठेवू लागले. हा समज खोटा ठरवला ‘स्मार्ट’ या चाचणीने. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या या चाचणीत एका गटाचे उपचार मधूनमधून थांबवले जात होते. त्या गटात मृत्यू वाढलेच, हृदयविकारही वाढला. २००६ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला.

मग औषध चालू ठेवून हृदय कसे जपायचे? अडचण अशी, की हृदयविकाराचा धोका मोजण्याची डॉक्टरांची नेहमीची कोष्टके वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांवर चालतात. त्यांत हा धुमसता दाह मोजलाच जात नाही. कोष्टक म्हणते, ‘धोका कमी, गोळीची गरज नाही’ आणि रुग्ण निर्धास्त घरी जातो.

नेमक्या अशाच रुग्णांवर ‘रिप्रीव्ह’ नावाची मोठी चाचणी झाली. भारतासह बारा देशांतील ७,७६९ जण तिच्यात सहभागी होते. सगळे ४० ते ७५ वयाचे, एआरटी घेणारे आणि कोष्टकानुसार कमी किंवा मध्यम धोक्याचे. त्यांच्यापैकी निम्म्या लोकांचे वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) १०८ च्या आत होते. एरवी या आकड्याला कोणी औषध लिहून देणार नाही. अमेरिकेतील काही सहभागींच्या हृदयवाहिन्यांचा सीटी स्कॅन केला, तेव्हा जवळपास निम्म्या जणांत साठलेले थर दिसले. कोष्टकाला न दिसणारा धोका तो हाच.

एका गटाला पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅम, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली गेली. सुमारे पाच वर्षांत फरक इतका स्पष्ट झाला, की २०२३ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना स्टॅटिनच्या गटात ३५ टक्क्यांनी कमी होत्या. केवळ कोलेस्टेरॉल उतरल्याने अपेक्षित असतो, त्यापेक्षा हा फायदा जास्त होता.

पस्तीस टक्के ऐकायला भारी वाटतात, पण मुळात घटनाच कमी असल्याने त्यांचा व्यवहारातला अर्थ असा : शंभराहून थोड्या अधिक जणांनी पाच वर्षे गोळी घेतली, तर त्यांतल्या एकाची गंभीर घटना टळते. दुसऱ्या बाजूला, मधुमेह ४ ऐवजी ५.३ टक्के जणांना झाला. स्नायूंच्या तक्रारीही किंचित वाढल्या. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने उद्या दुकानातून स्टॅटिन आणावे, असे नाही. अमेरिकेच्या २०२४ च्या शिफारशींतही ज्यांचा मोजलेला धोका अगदी कमी आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांशी बोलून निर्णय घेण्याची मुभा ठेवली आहे. सिगारेट आणि तंबाखू सोडण्याबाबत मात्र अशी मुभा कुणालाच नाही!

पिटाव्हास्टॅटिनच निवडण्यालाही कारण होते. बहुतेक एआरटी औषधांशी त्याचा खटका उडत नाही. रिटोनाव्हिर हे औषध दुसऱ्या टप्प्यातील काही उपचारांत असते. त्याच्यासोबत सिम्व्हास्टॅटिन घेतले, तर त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीला जाऊन स्नायू झडू शकतात. अँजिओप्लास्टीनंतर दिले जाणारे टिकाग्रेलॉरही रिटोनाव्हिरबरोबर चालत नाही. सध्याच्या पहिल्या टप्प्यातील गोळीत असलेले डोल्युटेग्राव्हिर मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढवते, म्हणून त्याचा डोस जपून ठरवावा लागतो.

खरी भीती इथेच आहे. एआरटी केंद्र एकीकडे, हृदयरोगतज्ज्ञ दुसरीकडे आणि मध्ये रुग्णाचे मौन. छातीत दुखू लागल्यावर खासगी दवाखान्यात ‘जुना आजार’ सांगायला माणूस कचरतो. गावात बोभाटा होईल, बेड मिळणार नाही, ही धास्ती उगाच नसते. एचआयव्हीग्रस्तांना उपचार नाकारणे आणि संमतीविना त्यांची माहिती उघड करणे २०१७ च्या कायद्याने बेकायदा ठरवले आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असते. एआरटीच्या डबीवरील औषधांची नावे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावीत आणि कुठलेही नवे औषध सुरू होताना ती त्या डॉक्टरांना एकांतात दाखवावीत. एआरटी केंद्रात दरवेळी वजनाबरोबर रक्तदाबही मोजून मागावा. साखर आणि कोलेस्टेरॉल किती दिवसांनी तपासायचे, तेही तिथेच विचारावे.