गोचीड चढतो तो खालून

मे महिना लागला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकटमधल्या मराठी घरांत शनिवार-रविवारच्या डोंगरभटकंतीचे बेत ठरू लागतात. तिथल्या काळ्या पायांच्या गोचिडाची पिल्लंही त्याच सुमारास रक्ताच्या शोधात असतात. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, चावलेलं कळतही नाही. लाइम आजार माणसाला होतो तो बहुतेक वेळा या पिल्लांमुळेच.

गोचिडाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. झाडावरून तो डोक्यात पडतो ही समजूत खोटी आहे. पालापाचोळ्यात किंवा गवताच्या पात्यावर मागच्या पायांनी घट्ट धरून, पुढचे दोन पाय हवेत पसरून तो वाट पाहत राहतो. त्या पुढच्या पायांतच अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारं इंद्रिय असतं. बूट किंवा पँट घासून गेली की तो चिकटतो आणि गुडघ्यामागे, जांघेत, काखेत अशी मऊ जागा सापडेपर्यंत वर चढत राहतो. कपड्यांना औषध मारायचं ते या चढणीसाठी.

औषधाचं नाव पर्मेथ्रिन. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटक मारणारं द्रव्य असतं, पण उन्हात ते लगेच निकामी होतं. त्याच धर्तीवरचं अधिक टिकाऊ रसायन इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तयार केलं. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात वाटतात त्या औषधभारित मच्छरदाण्यांतली औषधंही याच घराण्यातली.

अंगाला लावायची मलमं गोचिडाला दूर ठेवतात. पर्मेथ्रिनचं तसं नाही. त्याचा मारा स्पर्शाने होतो. औषध मारलेल्या कापडावर गोचिडाने पाय ठेवला की ते त्याच्या शरीरात उतरतं आणि मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच राहतात. तंतू सारखे संदेश पाठवत सुटतात. तापलेल्या तव्यावर पडल्यासारखे त्याचे पाय उचलले जातात, पकड सुटते, तो खाली पडतो. पुरेसा वेळ कापडावर राहिला तर मरतो. म्हणूनच टोपी-शर्टापेक्षा बूट, मोजे आणि पँटचे पायचे महत्त्वाचे. अर्धी बाटली शर्टावर संपवून मोजे कोरडे ठेवणारे लोक असतात. त्यांनी गोचिडाला मुख्य दरवाजा मोकळाच सोडलेला असतो.

कपड्यांसाठी मिळणाऱ्या फवाऱ्यात पर्मेथ्रिन ०.५ टक्के असतं. फवारणी घराबाहेर करावी, वारा नसताना, कपडे दोरीवर टांगून, आणि हातमोजे घालून. अंगावरच्या कपड्यांवर कधीच नाही. वीतभर अंतरावरून सावकाश हात फिरवत कापड ओलसर दिसेपर्यंत मारायचं, मग उलटी बाजू. पायच्यांच्या आत, मोज्यांच्या कडांवर आणि बुटांच्या जिभेवर थोडं जास्त. पूर्ण वाळायला साधारण दोन तास, दमट हवेत चार. वाळल्यावर औषध धाग्याला धरून बसतं, वासही उरत नाही. साधारण सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत ते टिकतं. कारखान्यातच औषध बसवलेले कपडे सत्तर धुणी टिकतात असं कंपन्या सांगतात. मात्र नॉर्थ कॅरोलिनात बाहेर काम करणाऱ्यांना असे गणवेश देऊन पाहिले, तेव्हा पहिल्या वर्षी चावे ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले आणि दुसऱ्या वर्षी हा परिणाम बराच ओसरला. तेव्हा लेबलावरच्या सत्तरावर फार विसंबू नये. औषध मारलेले कपडे वेगळे धुवावेत, ड्रायक्लीनला देऊ नयेत आणि उन्हात ठेवू नयेत.

खरजेसाठी त्वचेचे डॉक्टर पर्मेथ्रिनचंच ५ टक्के मलम देतात, मग हा फवारा अंगाला का नको? कारण मलम त्वचेसाठी बनवलेलं असतं, फवारा नाही. शिवाय माणसाच्या त्वचेवर या औषधाचे लवकर तुकडे होतात, म्हणून त्वचेवर त्याचा गोचिडाविरुद्ध फायदाही टिकत नाही. मांजरीला मात्र ते मोडता येत नाही. ओल्या कपड्यांजवळ मांजर फिरकू देऊ नये, झटके येऊन ती दगावू शकते. माशांनाही ते जहाल विष आहे, त्यामुळे उरलेलं औषध गटारात किंवा ओढ्यात ओतायचं नाही. गोठ्यात किंवा पिकावर मारायचं पर्मेथ्रिन पाणी घालून कपड्यांवर मारण्याचा उद्योगही नको. त्याचं प्रमाण आणि द्रावक वेगळे असतात.

गोचिडाचा धोका अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत गोचिडांमुळे माकडताप पसरला. तिथे काजूच्या बागेत पाचोळा तुडवत काम करणारी माणसं आहेत, फिरायला निघालेली नव्हेत. माकडतापाच्या पट्ट्यात आरोग्य खातं देतं ते डीएमपी किंवा डेपा तेल उघड्या अंगाला लावायचं असतं. ते गोचिडाला दूर ठेवतं, पण काही तासच, आणि घामाने उतरतं. त्यामुळे कामाच्या मधल्या सुट्टीत ते पुन्हा लावावं लागतं.

डोंगरभटकंतीहून परतल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवावेत, म्हणजे लपलेले गोचीड मरतात. धुण्याचं पाणी कोमट असेल तर ते त्यातून वाचतात, म्हणून ड्रायर आधी, धुणं नंतर. मग अंग तपासावं. एखादा रुतलेला सापडला तर बारीक चिमट्याने तोंडाजवळ, कातडीला लागून धरून सरळ वर ओढावा. तेल, काडेपेटी, नखपॉलिश काही नको. लाइमचा जंतू शरीरात जायला बहुतेक वेळा चोवीस तासांहून अधिक लागतात, त्यामुळे त्याच संध्याकाळी काढलेल्या गोचिडाने सहसा नुकसान केलेलं नसतं. तरीही पुढचा महिनाभर ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जावं आणि गोचीड चावल्याचं सांगावं.