एका सळईची दोन कामं

लोटस सेव्हनचा विषय निघाला की लोक तिच्या वेगाबद्दल बोलतात, नाहीतर तिला दारं नाहीत याबद्दल. संपादकांनाही तेवढंच हवं होतं: हलक्या गाडीची मजा, हजारेक शब्द, जमल्यास दोन फोटो. त्याच हिशेबानं मी कोव्हेंट्रीला गेलो. पण ज्यांच्या गॅरेजात जायचं होतं त्यांनी गाडी जॅकवर घेऊन पुढचं डावं चाक आधीच उतरवून ठेवलं होतं. त्या उघड्या कोपऱ्यात काय काय जोडलंय हे बघताना इंजिनाबद्दल विचारायचे प्रश्न वहीतच राहिले.

गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात लेथवर हात बसलेला, पुढे नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडात आले आणि इथलेच झाले. गाडी १९८४ ची कॅटरहॅम सेव्हन. सध्या तिचं पुढचं सस्पेन्शन बदलायचं काम काढलंय.

गाडीचा अधिकृत इतिहास दोन परिच्छेदांत उरकतो. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लंडनमधल्या हॉर्न्झीच्या छोट्या कारखान्यातून लोटस सेव्हन बाजारात आणली. पोलादी नळ्यांची चासी, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, वजन साधारण ५०० किलो. सुट्या भागांच्या रूपात घेऊन घरी जोडली तर विक्रीकर वाचायचा, म्हणून ती हौशी लोकांच्या गॅरेजांत वाढली. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी ग्रॅहम निअर्न यांच्या कॅटरहॅम कार्सनं या गाडीचे हक्क घेतले.

त्या वेळी चालू होती सेव्हनची चौथी आवृत्ती. फायबरग्लासची, जरा फॅशनेबल, आणि पुढचं सस्पेन्शन लोटस युरोपा या गाडीच्या धर्तीचं, म्हणजे अधिक शास्त्रशुद्ध. कॅटरहॅमनं ती थोडे दिवस बनवली आणि १९७४ मध्ये सरळ मागं फिरून तिसरी आवृत्ती काढली. गिऱ्हाइकांना जुनं रूपच हवं होतं. त्या रूपाबरोबर चॅपमन यांची जुनी युक्तीही परत आली.

ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे. चाक ज्या उभ्या तुकड्यावर बसतं तो अपराइट. त्याला चासीशी बांधायला खाली एक त्रिकोणी हात लागतो आणि वर एक. त्रिकोणच का, तर चाक आत-बाहेर जाऊ नये आणि पुढं-मागंही सरकू नये म्हणून. याशिवाय वळणावर गाडी एका अंगाला कलू नये यासाठी दोन्ही चाकांना जोडणारी स्प्रिंग-स्टीलची सळई असते, तिला अँटीरोल बार म्हणतात. एक चाक वर आणि दुसरं खाली जायला लागलं की ही सळई पिळली जाते आणि विरोध करते. चॅपमन यांनी वरच्या हाताची एकच बाजू बनवली: एक साधी आडवी दांडी. दुसरी बाजू त्यांनी बनवलीच नाही. अँटीरोल बार गाडीच्या नाकातून आडवी येतेच आहे, तिची वळवलेली टोकं अपराइटच्या डोक्याला जोडली की त्रिकोण पुरा होतो. १९५६ च्या लोटस १२ या रेसिंग गाडीत त्यांनी हे आधी करून पाहिलं होतं. एक हात वाचला, त्याच्या सांध्यातले रबरी बुश वाचले, वजन आणि पैसे वाचले.

मला ही कंजुषी फार आवडली, हे मान्य करतो. कोकणस्थाच्या घरात जन्मलो असल्याचा तो परिणाम असेल.

खोट ब्रेक मारल्यावर कळते. रस्ता चाकाला तळाशी मागं ढकलतो, त्यामुळे अपराइटचं डोकं पुढं जायला बघतं. त्याला धरून ठेवायचं काम त्या सळईच्या टोकाकडे, आणि सळई तर लवचीक असावी म्हणूनच केलेली, वर रबराच्या बुशात बसवलेली. ती किंचित वाकते. स्टिअरिंगचा अक्ष ज्या कोनात मागं झुकलेला असतो तो कॅस्टर कोन ऐन ब्रेकिंगमध्ये कमी होतो आणि गाडी हातात थोडी सैल लागते. शिवाय पावसात रेसिंग करायचं म्हणून सळई बारीक घालावी किंवा सोडून ठेवावी म्हटलं, तर ती निघतच नाही. चाक तिच्यावरच उभं आहे. कॅटरहॅमनंही पुढं वरचा पुरा त्रिकोणी हात आणि वेगळी सळई अशी रचना घेतली. कोल्हापूरकरांना नेमकं तेच आपल्या जुन्या गाडीत करायचंय.

ते वरच्या हाताबद्दल बोलत होते आणि माझी नजर मात्र खालच्या सांध्याकडेच जात होती. तिथं ब्राँझचा एक मुठीएवढा तुकडा आहे, ट्रनियन. अपराइटच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले आहेत आणि ते टोक चक्क या ट्रनियनमध्ये बोल्टासारखं फिरवून बसवलंय. स्टिअरिंग वळवलं की अपराइट आट्यांत फिरतो आणि केसभर वर किंवा खाली जातो. डाव्या बाजूचे आटे एका दिशेचे, उजवीकडचे उलट्या. स्प्रिंगचा जोर खालच्या हातावर, त्यामुळे गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार या आट्यांना लोंबकळत असतो.

हा भाग लोटसचा नव्हेच. तो ट्रायम्फ हेराल्डचा, म्हणजे १९५९ साली याच कोव्हेंट्रीत कॅन्ली इथं तयार होऊ लागलेल्या साध्यासुध्या कौटुंबिक गाडीचा. हेराल्ड २५ फुटांच्या वर्तुळात वळायची, लंडनच्या टॅक्सीसारखी, आणि चाक एवढं वळू देण्यात या आट्यांच्या सांध्याचा वाटा होता. स्वस्त, मजबूत, हलका आणि दुकानात मिळणारा म्हणून छोट्या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कित्येकांनी हा अपराइट उचलला. लोटस एलानखालीही त्याचाच भाऊबंद होता.

इथं कोल्हापूरकर हसले. त्यांच्या मामांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ही गाडी आपल्याकडे बनवली, मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती बरीच वर्षं दिसायची. मामांचा मेकॅनिक प्रत्येक सांध्यात ग्रीस भरायचा, ट्रनियनमध्येसुद्धा. खरं तर तिथं गिअर ऑईल लागतं, ९० नंबरचं. ऑईल आट्यांतून झिरपत वर जातं. ग्रीस घट्ट होऊन वाटेतच बसतं, पावसाचं पाणी खाली साचतं आणि पोलादाचे आटे आतून गंजतात. मग एखाद्या दिवशी, बहुतेक वेळा हळू जाताना, स्टिअरिंग पुरतं वळवलेलं असताना, अपराइट आट्यांपाशी तुटतो आणि चाक मडगार्डखाली आडवं पडतं. यावर ट्रायम्फवाल्यांची भांडणं आजही चालतात. ग्रीसवाल्यांचं म्हणणं असतं की वारंवार भरलं तर काही होत नाही. मी ऑईलवाल्यांच्या बाजूचा झालोय, माझ्याकडे गाडी नसली तरी.

आता वरचा हात बदलण्यातल्या अडचणी. या मी शेवटी दोन ओळींत आटपणार होतो.

नव्या हाताला चासीवर दोन जागी पकड लागते. जुन्या दांडीला एकच जागा होती. दुसरी कडी वेल्ड करणं पाच मिनिटांचं काम, पण ब्रिटनमध्ये ते पाच मिनिटांत संपत नाही. गाडीत मोठे फेरफार केले की तिची ओळख २०२५ पर्यंत गुणांवर ठरायची: चासीचे ५, सस्पेन्शनचे २, असे मूळ भागांचे मिळून किमान ८ लागत, आणि चासीला हात लावलेला चालत नसे. ती कापली-जोडली असं ठरलं तर जुना नंबर जाऊन, गाडीची ओळख अनिश्चित असल्याचं सांगणारा क्यू अक्षराचा नंबर गळ्यात पडायची भीती असे. शिवाय ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून जी सूट मिळते, तिला गेल्या ३० वर्षांत सस्पेन्शनची पद्धत बदललेली नसावी अशी अट आहे. अर्धा हात काढून पुरा घातला, ही पद्धत बदलली का? यावर दोन वकील आठवडाभर बोलू शकतील. विमा कंपनीला कळवायचं ते वेगळंच. म्हणून कोल्हापूरकरांनी वेल्डिंगचा नाद सोडून बोल्टानं आवळायची कडी स्वतः बनवायला घेतली आहे.

कडी बसली की पुढचं दुखणं. चाक वर-खाली होताना वरचे-खालचे हात एका कमानीत फिरतात आणि स्टिअरिंगची दांडी दुसऱ्या. दोन कमानी जुळल्या नाहीत तर खड्ड्यातून जाताना चाक आपणहून वळतं, त्याला बंप स्टिअर म्हणतात. वरच्या हाताची जागा बदलल्यावर सगळं पुन्हा मोजायचं. त्यासाठी स्प्रिंग काढून चाकाच्या जागी सपाट पट्टी लावायची, तिला दोन डायल गेज भिडवायचे, जॅकनं थोडं थोडं उचलत आकडे लिहायचे, मग स्टिअरिंग रॅकखाली शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालायची किंवा काढायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. जड गाडीत थोडा फरक रबरी बुश पोटात घेतात. इथं बुशांच्या जागी रोझ जॉइंट येणार, म्हणजे उघडा पोलादी गोळा. तो काही पोटात घेत नाही, रस्त्यावरच्या मिठानं झिजतो आणि झिजला की खडखडतो.

वजनाचं गणित तर हलक्या गाडीत फारच नाजूक. ५०० किलोच्या गाडीत ८० किलोचा माणूस बसला की वजन १६ टक्क्यांनी वाढतं, आणि सेव्हनमध्ये तो जवळजवळ मागच्या ॲक्सलवरच बसतो, तेही एका बाजूला. म्हणून चारही चाकांखाली काटे ठेवून स्प्रिंगची उंची लावायची तर चालवणारा आत बसलेला हवा. घरात दुसरं कुणी उपलब्ध नसल्यानं चालवणाऱ्याच्या जागी मला बसवलं होतं, आणि मला हलू नका असं दरडावलंही गेलं. स्प्रिंग कडक केली तर गुळगुळीत ट्रॅकवर गाडी सुरेख चालेल, पण वॉरिकशायरच्या गावरस्त्यांवर चाक जमिनीवर टिकणार नाही. चाक, ब्रेक आणि अपराइटचं वजन गाडीच्या मानानं आधीच जास्त; ते उसळलं की एवढी हलकी चासी त्याला दाबून धरू शकत नाही. चॅपमन मऊ स्प्रिंग घालून आवरायचं काम शॉकप्सवर का टाकत, ते इथं कळतं. म्हणजे नवे शॉकप्सही आले, आणि खर्च हातांच्या किमतीवर थांबत नाही.

या सगळ्यानंतर गाडी ब्रेकमध्ये अधिक नेमकी होईल यात शंका नाही, पण त्यासाठी तीन-चार किलो वजन आणि डझनभर नवे आटे-नट यांची भर पडणार आहे. माझा कल जुन्या सळईकडे आहे असं मी बोलून दाखवलं. कोल्हापूरकरांनी त्यावर एवढंच विचारलं की ८० मैलांच्या वेगात ओल्या रस्त्यावर तुम्ही कधी ब्रेक मारलाय का.

उजव्या बाजूची कडी अजून लेथवर आहे. ट्रनियनच्या जागी गोळ्याचा सांधा बसवणारा तयार संच बाजारात मिळतो, तो घ्यायचा त्यांनी विचार केला होता आणि सोडून दिला. त्या पैशात ९० नंबरच्या ऑईलचे किती डबे येतील, हा हिशेब त्यांनी वर्कबेंचवरच्या पुठ्ठ्यावर मांडून ठेवला आहे.