बेवडा, सिंगल माल्ट आणि उरणच्या भट्ट्या

मराठीत ‘बेवडा’ ही आज शिवी आहे. पण या शब्दाच्या पोटात ‘बे’ म्हणजे दोन आहे, आणि मुळात बेवडा हा माणूस नव्हता, दारूची प्रत होती. मोहाची दारू एकदा गाळली की ती राशी. तीच पुन्हा भट्टीवर चढवून दुसऱ्यांदा गाळली की बेवडा. जास्त कडक, जास्त महाग. स्कॉटलंडमधली बहुतेक सिंगल माल्ट व्हिस्कीही तांब्याच्या भांड्यांतून दोनदाच गाळतात. म्हणजे अलिबाग-मांडव्याच्या बंगल्यांत पाहुण्यांसमोर कौतुकाने उघडली जाणारी बाटली शब्दशः बेवड्याचीच. मग एकीच्या चवीवर पुस्तके लिहिली जातात आणि दुसरीचे नाव शिवी होते, हे कसे झाले? उत्तर थोडे पिंपात आहे आणि बरेचसे कायद्यात.

आधी पिंप पाहू. अंकुरलेल्या जवाची आंबवण दोनदा गाळल्यावर हाती येते ते पाण्यासारखे नितळ असते. रंग तर नसतोच, आणि बाटलीवर जे वास लिहिलेले असतात त्यांतले निम्म्याहून अधिक अजून जन्माला यायचे असतात. ते येतात ओकच्या लाकडातून. अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीला कायद्याने आतून जाळलेली कोरी ओकची पिंपेच लागतात. एकदा वापरलेली पिंपे तिथे निरुपयोगी ठरतात आणि सुमारे २०० लिटरची ती पिंपे स्कॉटलंडला जातात. या अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्ये असतात आणि त्यांचा वास चक्क खोबऱ्याचा. नागाव-चौलच्या वाडीत वाढलेल्या माणसाला हा वास ओळखायला कोणाचे पुस्तक लागू नये. लाकडातले लिग्निन जळून सुटते त्यातून व्हॅनिला येतो.

‘कास्क फिनिश’ म्हणजे या मुरलेल्या दारूचा शेवटचा मुक्काम बदलणे. दहा-बारा वर्षे बर्बनच्या पिंपात ठेवलेली व्हिस्की शेवटचे काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, शेरीच्या किंवा पोर्टच्या पिंपात हलवायची. ही रीत बाजारात रुळवण्याचे श्रेय बाल्व्हनीच्या डेव्हिड स्ट्यूअर्ट यांना देतात. त्यांची ‘डबलवुड’ १९९३ मध्ये त्या नावाने आली. शेरीच्या लाकडातून मनुका, अक्रोड, जुन्या गुळाची ढेप असले वास येतात. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे स्वस्तात मिळत. १९८६ पासून शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करावी लागते. त्यामुळे आज बहुतेक ‘शेरी कास्क’ व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरी भरून तयार केलेली असतात. परंपरेची म्हणून जी चव आपण दाद देऊन पितो, ती अशी मागणीप्रमाणे घडवलेली असते. त्यात फसवणूक नाही, पण माहीत असलेले बरे.

चव घेण्याची रीत साधी आहे. तोंडाशी निमुळता होत जाणारा ग्लास घ्यावा, बर्फ टाकू नये, ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यावा; नाहीतर मद्यार्काच्या झणक्याने नाक बधिर होते. लहान घोट जिभेवर फिरवून गिळावा आणि मागे काय रेंगाळते ते पाहावे. मग दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा. पाण्याने व्हिस्की ‘उघडते’ ही केवळ रसिकांची समजूत नाही. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकी प्रारूपाने दाखवले, की मद्यार्काचे प्रमाण उतरले की धुरकट वासाचे ग्वायाकोल हे द्रव्य पृष्ठभागाकडे सरकते, म्हणजे नाकाजवळ येते. फिनिश चांगले जमले की नाही हे ओळखायची माझी खूण एवढीच: पाणी घातल्यावर मनुकांच्या खाली मूळ धान्याचा खमंगपणा सापडला पाहिजे. नुसताच गोड मुरांबा उरला, तर शेवटच्या पिंपाने आधीची दहा वर्षे झाकून टाकली असे समजावे.

आपल्या हवेत हे सारे फार वेगाने घडते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरसाल सुमारे दोन टक्के दारू उडून जाते. तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बेंगळुरूत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जाते. हिशेब करून पाहा: २०० लिटरचे बारा वर्षांनी तिकडे सुमारे १५७ लिटर उरतील, इकडे ५६. म्हणूनच २००४ मध्ये ग्लासगोत प्रथम विकायला ठेवलेली ‘अमृत’ किंवा गोव्याची ‘पॉल जॉन’ बाटलीवर बहुधा वय छापत नाही. इथल्या पाच वर्षांना तिकडचे पंचांग लावता येत नाही.

आता कायदा. मुरवण्याची सक्ती रसिकांनी केलेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये दारूविरोधी वारे होते. १९१५ च्या कायद्याने आधी दोन आणि पुढे तीन वर्षे मुरवल्याशिवाय व्हिस्की विकायला बंदी आली. स्वस्त, कोवळी, डोके फिरवणारी दारू बाजारातून काढावी हा हेतू. धंदेवाल्यांनी आधी कुरकुर केली, पण ज्यांच्या गोदामांत जुना साठा होता त्यांचे फावले. दारू आवरण्यासाठी केलेल्या कायद्याने दारूची पत वाढवली.

त्याच साम्राज्याने उरणला उलटे केले. मुंबईसमोरच्या या गावात, मोरा बंदराच्या आसऱ्याने, एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांची रांग होती, बहुतेक पारशी मालकीच्या. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात उरणची नोंद या भट्ट्यांशिवाय पुरी होत नाही. फुले गुजरात-पंचमहालातून आणि पार जबलपुराकडून येत, दारू मुंबईच्या गुत्त्यांत जाई. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या संपवून गाळप मोजक्या, देखरेखीखालच्या ठिकाणी आणले. झाडावरचा कर वाढल्याने माडी काढणारे भंडारीही भरडले गेले. पुढे १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. फुले बाळगण्यावर! कातकरी-ठाकरांच्या घरात मोहाची फुले दारूआधी अन्न होती. वाळवून साठवायची आणि पावसाळ्यातल्या टंचाईत शिजवून खायची. टोपलीतले अन्न एका कलमाने चोरीचा माल ठरले.

असा धंदा दारू मुरवील कशासाठी? गिऱ्हाईक गिरणीतून थकून आलेले, आजच्या आज एक पेला मागणारे; कर भरून माल लवकर खपवायचा. पिंप, गोदाम आणि बारा वर्षे थांबणारे भांडवल यांतले काहीच त्या भट्टीच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. नंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि गाळण्याचे कसब हातभट्टीच्या काळोखात गेले. गाळताना पहिली धार टाकून द्यायची, शेवटची वेगळी काढायची, हे जुन्या भट्टीवाल्याचे शहाणपण. व्हिस्कीवालेही नेमके तेच करतात. काळ्या बाजारात त्याची जागा भेसळीने घेतली. २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे मेली. त्यांच्या पेल्यात बेवडा नव्हता, औद्योगिक रसायन होते. बातम्यांत मात्र दोष ‘गावठी’ला लागला.

गोव्याने काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६ मध्ये तिला वारसा पेय म्हटले. मोहाच्या बाबतीत आपल्याकडे हालचाल उशिरा, पण सुरू झाली आहे. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीज या, मोहाच्या गाळपाची जुनी परंपरा सांगणाऱ्या पारशी कुटुंबाच्या कंपनीने, ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ बाजारात आणली. हीच कंपनी सिंगल माल्टही करते. उरणपासून समुद्राने फार दूर नाही.

वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळलेले फूल आठवडाभर उन्हात वाळले की सुरकुतते, तांबूस होते. मूठभर घेऊन हुंगावे: मनुका, जुन्या गुळाची ढेप, मागून किंचित कस्तुरीसारखा उग्रपणा. शेरीच्या पिंपासाठी समीक्षक जे शब्द वापरतात त्यांतले पहिले दोन इथे लाकडाशिवाय, झाडाखालीच मिळतात.